टेकडीवरची खाट

१२ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र येत नाही म्हणून मीच लिहितो. सरकारी नोकरी लागली की माणसं घरची पत्रंसुद्धा कचेरीच्या वेगाने लिहायला लागतात, हे तुझ्यावरून कळलं. बातमी अशी, की तू ज्या समितीची स्टेनो आहेस, त्याच समितीपुढे तुझा भाऊ साक्ष द्यायला येतो आहे. मी बोलणार आणि तू उतरून घेणार. लहानपणी माझं एक अक्षर ऐकत नव्हतीस, आता सरकार पगार देऊन ऐकायला लावणार.

आजारपणात पगार आणि म्हातारपणी पेन्शन द्यायच्या ज्या नव्या कायद्याचा तुझी समिती विचार करते आहे, त्यावर काल मालकसंघाची बैठक झाली. बैठक कसली, तमाशाच. अध्यक्ष गिरणीवाले टेबलावर हात आपटून म्हणाले, घरी बसून पगार मिळणार असेल तर कामावर येणार कोण? नुसतं शिंकले तरी लोक आठवडाभर लोळतील. छापखानेवाले म्हणाले, आज आजारपण, उद्या बेकारी, परवा पोरांची शाळा, हे शेपूट लांबतच जाणार आणि शेवटी कारखाना आपला, पण हुकूम सरकारचा अशी गत होणार. साबणवाल्यांनी मात्र माझ्या कानात सांगितलं, की कायदा सगळ्यांना सारखा लागला तर त्यांची हरकत नाही. भुर्दंड शेजारच्यालाही बसला म्हणजे झालं. हे उभं राहून बोलायची त्यांची छाती झाली नाही.

मग मी उठलो. म्हटलं, माझा विरोध पैशासाठी नाही. आमच्या कारखान्यात बाबांनी घालून दिलेली रीत आहे. कुणी आजारी पडलं की रविवारी मालक स्वतः त्याच्या घरी जातो, उशाशी बसतो, काय हवं-नको ते विचारतो. छातीचं दुखणं असेल तर टेकडीवरच्या इस्पितळात कारखान्याच्या दोन खाटा आहेत, त्यांतली एक देतो. अर्ज नको, शिफारस नको. मालकाने शब्द दिला की काम झालं. हेच उद्या सरकारी खिडकीतून मिळायला लागलं, तर मालक कोण आणि कामगार कोण, कुणाला कुणाचं काही वाटणार नाही. हे ऐकल्यावर मलाच बोलायला पाठवायचं ठरलं.

एक कामगार साक्षीदारही आणा म्हणाले. मी आपल्या भट्टीमास्तरांना आणतो आहे. बाबांच्या वेळेपासून ते भट्टीवर उभे आहेत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या एनॅमलच्या भांड्याचा मुलामा कधी तडकलेला मी पाहिला नाही. शिवाय त्यांची बायको, जिला आपण लहानपणापासून मावशी म्हणतो, ती थंडी सुरू झाल्यापासून टेकडीवर आपल्याच खाटेवर आहे. तिचा खोकला पुष्कळ कमी झालाय म्हणे. यापेक्षा मोठा पुरावा काय द्यायचा? आम्ही दोघं तुझ्याकडेच उतरू. पांघरुणं काढून ठेव.

दादा


१७ जानेवारी

दादा,

पांघरुणं आहेत, पण तुम्हाला देता येणार नाहीत. साक्षीदारांना आम्ही घरी उतरवून घ्यायचं नाही असा नियम आहे. मी समितीच्या साहेबांना सांगितलं की हा माझा सख्खा भाऊ आहे, तर म्हणाले, मग तर चहालाही बोलावू नका. त्या दिवशी माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी बसवा असंही मी म्हणून पाहिलं. दुसरी स्टेनो बाळंतपणाच्या रजेवर आहे, त्यामुळे तुझं भाषण माझ्याच नशिबी आहे. स्टेशनाजवळ एक लॉज आहे. जिना अरुंद आहे, पण चादरी स्वच्छ असतात.

आता मुद्द्याचं. तू खुशाल ये, हवं ते बोल, साहेबांशी वाद घाल. मास्तरांना आणू नकोस.

का ते तुला कळायला हवं होतं. मावशी तुझ्या शब्दावर तिथे आहे. तिला तिथून हलवलं तर तिचं काय होईल, हे तुला माहीत आहे आणि मास्तरांनाही माहीत आहे. मग तू विचारल्यावर ते नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? तू त्यांना काही धमकी देशील असं मी म्हणत नाही. तुला द्यावी लागत नाही, एवढंच म्हणते.

आणि आणखी एक. मावशीला हा खोकला लागला कुठे? अर्धं आयुष्य तिने आपल्या भुकटीखात्यात काढलं. मुलाम्यासाठी काच दळून चाळायच्या त्या बायका संध्याकाळी बाहेर यायच्या तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. मला मोठी गंमत वाटायची. समिती असले प्रश्न विचारते, मी रोज बघते. तेव्हा मास्तरांनी काय सांगायचं, हे तू ठरवून ठेवलं आहेस का?

हेही सांगून ठेवते, की कामगाराची साक्ष मालकाला बाहेर बसवून घेतात. आत काय बोलणं झालं ते समितीचा अहवाल निघेपर्यंत बाहेर सांगायचं नाही, अशी आम्ही शपथ घेतली आहे. तेव्हा नंतर माझ्यामागे लागू नकोस.

धाकटी


२१ जानेवारी

धाकटे,

पत्र वाचून वाईट वाटलं. तू मला समजतेस तरी काय? आजारी बाईच्या जिवावर साक्ष विकत घेणारा राक्षस? बाबा गेल्यावर पहिल्या रविवारी मी कुणाच्या घरी गेलो होतो, आठवतं? मास्तरांच्याच. त्यांचा हात भाजला होता. घरचं दुःख बाजूला ठेवून गेलो होतो.

तुझ्या समाधानासाठी मी त्यांना पुन्हा बोलावून घेतलं. म्हटलं, मास्तर, तुमच्या मनात असेल तरच चला, माझी काही सक्ती नाही. ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, मालक." याहून स्पष्ट होकार काय असतो? तुझ्या वहिनीने जेवताना विचारलं, "त्यांना बसायला खुर्ची तरी दिलीत का?" दिली होती. ते बसले नाहीत. त्याला मी काय करू?

त्यांच्यासाठी एक कोट शिवायला टाकला आहे. समितीपुढे भट्टीच्या कपड्यांत उभं राहायला त्यांनाच कसंतरी झालं असतं. संध्याकाळी पाळी संपली की अर्धा तास माझ्या खोलीत येतात, मी समितीसारखे प्रश्न विचारतो आणि ते उत्तरं देतात. पढवतो आहे असं म्हणू नकोस. मोठ्या लोकांपुढे बोलायची सवय नसते, जीभ अडखळते, म्हणून ही तयारी.

भुकटीचं म्हणशील तर खोकला शहरात कुणाला नाही? तुझ्या साहेबांना नाही का? गिरणीवाल्यांच्या गिरणीत तर कापसाचा धुरळा असा असतो की समोरचा माणूस दिसत नाही, आणि त्यांनी आजवर कुणाला खाट दिलेली नाही. जो देतो त्यालाच जाब विचारायचा, हा कुठला न्याय?

दादा


२५ जानेवारी

दादा,

भांडायला वेळ नाही, कामाचा ढीग पडला आहे. एवढंच कर. ती संध्याकाळची शिकवणी बंद कर आणि त्यांना सांग, की आत काहीही बोललात तरी मावशीच्या खाटेला धक्का लागणार नाही. स्वतःच्या तोंडाने सांग. तुझ्या मनात नाही हे मला ठाऊक आहे, पण त्यांनी ते ऐकलेलं नाही.

धाकटी


६ फेब्रुवारी

धाकटे,

कालच्या दिवसाबद्दल लिहायला बसलोय, पण नीट सुचत नाही.

माझं बोलणं चांगलं झालं, हे तू पाहिलंसच. तुझे साहेब दोनदा मान हलवून हसले. "कायदा माणसाला हक्क देईल, पण त्याच्या उशाशी बसणार नाही," या वाक्यावर गिरणीवाल्यांनी तर टाळीच वाजवली. तू मान वर केली नाहीस. कामात होतीस, समजू शकतो.

मग मास्तरांना आत घेतलं आणि मला बाहेरच्या बाकावर बसवलं. माझ्यापेक्षा जास्त वेळ ते आत होते. भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला विचारायचं तरी काय असतं एवढं? दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. नवा कोट घामाने भिजलेला. मी विचारलं, "कसं झालं, मास्तर?" तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "झालं, मालक." गाडीत सगळा रस्ता खिडकीकडे तोंड करून बसले. मी डबा उघडून पुढे केला, तर भूक नाही म्हणाले. इतक्या वर्षांत या माणसाने माझ्या नजरेला नजर दिली नाही असं कधी झालं नव्हतं.

आणि त्यांच्या मागून तू आलीस. कागद छातीशी धरून, डोळे पुसत. माझ्या समोरून गेलीस आणि ओळख दाखवली नाहीस. धाकटे, आत काय झालं?

मला सगळं नको. ते आपल्या बाजूने बोलले की विरुद्ध, तेवढं एका शब्दात सांग. बहीण म्हणून सांग. मी कुणाला बोलणार नाही.

दादा


९ फेब्रुवारी

दादा,

सांगता येणार नाही. एक शब्दसुद्धा नाही. बहीण म्हणून तू मागशील, हे मला माहीत होतं आणि त्याचीच धास्ती होती. मी आज तुला सांगितलं तर उद्या कुठला कामगार त्या खोलीत तोंड उघडेल?

मास्तरांना खोदून खोदून विचारू नकोस. तेही सांगायला बांधील नाहीत. आणि एवढंच म्हणते, त्यांच्यावर राग धरू नकोस. ते जे बोलले ते बोलताना त्यांना किती जड गेलं असेल, ते मी समोर बसून पाहिलं आहे.

मावशीचं काही कळलं का? मला तिला पत्र टाकायचं आहे, वॉर्डाचा नंबर कळव.

धाकटी


१६ फेब्रुवारी

समितीच्या स्टेनोबाई यांस,

तुमची शपथ तुम्ही पाळलीत, अभिनंदन. "राग धरू नकोस" या तीन शब्दांत सगळं आलं. राग धरण्यासारखं काही नसतं तर धरू नकोस म्हणायची वेळच आली नसती.

तरी मी लगेच विश्वास ठेवला नाही. पण गिरणीवाल्यांचा एक माणूस तुमच्या कचेरीत येऊन-जाऊन असतो. त्याचं म्हणणं, त्या दिवशी आतून बाहेर आलेले सगळे गंभीर होते, त्यावरून कारखानदाराचं काही खरं नाही असं त्याने ताडलं. गिरणीवाले सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बसा आणखी उशाशी." लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार?

रविवारी मी मास्तरांच्या घरी गेलो. विचारपूस करायलाच गेलो होतो. म्हटलं, मास्तर, तुमचं माझं नातं काय आहे? निदान मला तरी सांगा, काय बोललात? ते उभेच. खाली बघत म्हणाले, "बोलायला नको ते बोललो मालक. पुन्हा विचारू नका." यावर मी काय समजायचं? बाबांनी ज्याला भट्टीवर आणलं, ज्याची बायको आपल्या खाटेवर झोपते, तो माणूस माझ्यापाठीमागे माझं नाव घालवून येतो आणि मला पुन्हा विचारू नका म्हणतो.

तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी मीच कळवतो. मावशीला टेकडीवरून खाली आणलं आहे. भांडी गवतात बांधतात त्या बांधणीखात्यातल्या एकाला बरेच दिवस ताप येतो, त्याला ती खाट दिली. हा सूड नाही. खाटा दोनच आहेत, गरजू पुष्कळ आहेत, आणि मावशीला बरं वाटत होतंच. वर माल पोचवायला गेलेला आपला ट्रक रिकामा परत येत होता, त्यातूनच आणली, म्हणजे तिला बसचा त्रास नको. गवत अंथरलेलं होतं.

मास्तरांना जे सरकार हवं आहे, ते आता देईलच तिला खाट.

कारखान्याचे मालक


१८ फेब्रुवारी

मालक,

तुम्हीच मायना बदललात, म्हणून मीही बदलते आहे. पण लिहिणारा हात बहिणीचाच आहे.

मी शपथ मोडते आहे. उद्या सकाळी साहेबांच्या खोलीत जाऊन तसं सांगणार आहे, म्हणजे चोरी राहणार नाही. ऐक.

मास्तर तुझ्या बाजूने बोलले. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तू शिकवलेलं सगळं बोलले आणि न शिकवलेलंही बोलले. साहेबांनी विचारलं, कायदा आला तर तुमचं काय बिघडेल? म्हणाले, "आम्हाला मालक आहेत, कायदा कशाला?" मग साहेबांनी कागद बाजूला सारून विचारलं, "तुमची बायको मालकांच्या खाटेवर आहे. आज तुम्ही इथे त्यांच्याविरुद्ध बोललात असं त्यांना वाटलं तर खाट जाईल, अशी भीती नाही वाटत?" मास्तर हसले, दादा. अगदी मोकळं हसले. म्हणाले, "साहेब, तुम्ही आमच्या मालकांना ओळखत नाही. ते रागावतात, फार रागावतात. पण आजारी माणसाची खाट काढणार नाहीत. ते आमच्या मालकांच्या हातून व्हायचंच नाही." हे मी माझ्या हाताने उतरवलं आहे. समितीतले तिघंही त्या वाक्यानंतर एकमेकांकडे बघत होते. कायद्याच्या विरुद्ध एवढं भक्कम आजवर कुणीच बोललं नव्हतं. सगळे गंभीर झाले ते यासाठी. त्यांना वाटलं, आपलंच चुकत असेल.

मग पांढरा चेहरा कशाने, ते विचार. साहेबांनी शेवटी भुकटीखात्याचं विचारलं. तुमच्या बायकोला खोकला तिथेच लागला ना? मास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले. तू हा प्रश्न त्यांच्याकडून तयार करून घेतला नव्हतास. मग म्हणाले, "नाही साहेब. तिला लहानपणापासूनच आहे. माहेराहूनच घेऊन आली." कोटाची बाही कपाळावर फिरवली आणि पुन्हा म्हणाले, "माहेराहूनच." आपल्या बायकोच्या दुखण्याबद्दल ते खोटं बोलले, तुझ्यासाठी. तुझ्या नजरेला नजर कशी देणार? बोलायला नको ते बोललो म्हणाले, ते हे. मला रडू आलं तेही यासाठीच. आणि त्यांच्यावर राग धरू नकोस असं मी लिहिलं, कारण हा गप्प का म्हणून तू त्यांच्यावर खेकसशील, एवढीच माझी भीती होती. त्यापलीकडची भीती मला सुचली नाही. मास्तरांसारखाच माझाही तुझ्यावर विश्वास होता.

ट्रकमधून, दादा? भांडी जातात त्या गवतावरून?

धाकटी


२२ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही.

साहेबांना सांगितलं. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. मला कामावरून थांबवलं आहे, पुढचं वरून ठरेल. मी विचारलं, मास्तरांच्या साक्षीचं काय? साक्षीत ते जे म्हणाले तसं घडलेलं नाही, उलटंच घडलं आहे. साहेब म्हणाले, जे तुम्हाला घरच्या पत्रातून कळलं ते मी साक्षीत घालू शकत नाही. साक्ष जशी दिली तशीच छापली जाईल. कुणाला काही वेगळं सांगायचं असेल तर त्याने स्वतः येऊन सांगावं. पुढच्या आठवड्यात शेवटची उघडी बैठक आहे, त्यानंतर समिती आपलं मत लिहायला बसेल.

म्हणजे मास्तरांच्या त्या वाक्यावर हा कायदा अडू शकतो. ते वाक्य खोटं आहे, हे साहेब सोडले तर फक्त तुला, मला आणि त्या घरातल्या दोघांना माहीत आहे. मास्तर कधी सांगायला येणार नाहीत. मी सांगितलं तर कुणी ऐकणार नाही.

मावशी कशी आहे? निदान तेवढं तरी कळव. जीव टांगणीला लागला आहे.

धाकटी


१ मार्च

धाकटे,

तुझं अठराचं पत्र आलं त्या दिवशी मी ते खिशात घालून कारखान्यात फिरत राहिलो. भट्टीजवळ मास्तर होते, भांड्यांची फळी आत सरकवत होते. मला पाहून नेहमीसारखी मान लववली. मी मागच्या मागे फिरलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. तेव्हा लगेच लिहिलं नाही म्हणून माफ कर.

आधी झालेल्या गोष्टी सांगतो. गिरणीवाले परवा पेढीवर आले होते, गळ्यात पडायचे तेवढे बाकी होते. त्यांच्या त्या माणसाने नवीन बातमी आणली आहे, की माझ्या भट्टीमास्तरांनी समितीला गार केलं, कायदा आता बारगळतो. मला म्हणाले, तुमच्या रीतीने आम्हा सगळ्यांना तारलं, संघातर्फे तुमचा सत्कार करायचा. मी म्हटलं, ती खाट मी काढून घेतली. त्यांनी उठून दार लावून घेतलं आणि म्हणाले, हे मला बोललात तेवढं बस, आता अहवाल निघेपर्यंत तोंड उघडू नका. जाताना हेही म्हणाले, की बँकेत आणि बाजारात माणसाला सोबत्यांची गरज लागते. याला धमकी म्हणतात, हे मला कळलं. ती मला कुणी दिल्यावर कळलं, हेही खरं.

टेकडीवरच्या डॉक्टरांना मी फोन केला. म्हटलं, मावशीला परत पाठवतो, त्या बांधणीखात्यातल्या माणसाची दुसरी काही सोय करू. डॉक्टर म्हणाले, त्याला आम्ही लगेचच घरी पाठवला, त्याला छातीचं काहीच नव्हतं. मग खाटेवर कोण आहे? म्हणाले, "कुणी नाही. कारखान्याची खाट आहे, तुमच्या शब्दाशिवाय आम्ही कुणाला देत नाही." म्हणजे ती इतके दिवस रिकामीच पडून होती, धाकटे. मावशी खाली ओल्या खोलीत खोकते आहे आणि वर चादर घातलेली खाट रिकामी.

मी गाडी काढली आणि स्वतः गेलो. रविवार नव्हता, म्हणून मला बघून दोघंही घाबरली. मास्तर भिंतीशी उभे राहिले. मावशी पलंगावर उशांना टेकून बसली होती. पडलं की दम लागतो म्हणाली. दोन शब्द बोलली की थांबते. किती वाळली आहे ते तुला लिहीत नाही. वर तिच्या अंगाला थोडी भर आली होती, ती सगळी गेली.

मी म्हटलं, मावशी, चला, गाडी दाराशी आहे, खाट तयार आहे. माझी चूक झाली.

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. मलाच विचारलं, "या खेपेला परत कधी आणणार, मालक? सांगून ठेवा, म्हणजे तेवढेच कपडे बांधते."

धाकटे, ती टोचून बोलत नव्हती. तिला खरंच हवं होतं ते, कपडे बांधायला.

मी बाहेर येऊन गाडीत बसलो, तसाच इस्पितळाकडे गेलो आणि दोन्ही खाटा डॉक्टरांच्या हवाली केल्या. खर्च कारखाना देईल, पण कुणाला द्यायच्या, किती दिवस ठेवायचं, ते तेच ठरवणार. मला विचारायचंसुद्धा नाही, हे वकिलासमोर पक्कं करून घेतलं. उद्या ते स्वतः खाली येऊन मावशीला तपासणार आहेत. न्यायची की नाही ते तपासल्यावर ठरवतील. मध्येच मी म्हणालो, "पण तिला घ्यालच ना?" तर ते म्हणाले, "आता ते तुम्ही विचारायचं नाही." मुकाट्याने उठलो. रात्रभर जीव खालीवर होतो आहे. असं दुसऱ्याच्या हातात असलं की कसं वाटतं, ते मला या वयात कळायचं होतं.

गुरुवारच्या उघड्या बैठकीत मी वेळ मागितली आहे. संघाला विचारलेलं नाही. तुझं नाव घेणार नाही आणि आत काय बोलणं झालं तेही नाही. मी काय केलं, का केलं, किती सहज केलं, ते सांगणार आहे. समोर गिरणीवाले बसलेले असतील. कायदा चांगला की वाईट हे मला आजही नीट सांगता यायचं नाही, अजूनही तो मला परकाच वाटतो. पण माझ्या रीतीवर कुणी विसंबू नये, एवढं मला कळलं आहे. मास्तरांना आणत नाही. भुकटीखात्याचं कुणी विचारलं तर त्याचं उत्तरही मीच देईन.

एक सांगायचं राहिलं. गाडीकडे जायच्या आधी मी मावशीपुढे वाकून म्हटलं होतं, "मावशी, पुन्हा असं होणार नाही. मी शब्द देतो."

ती म्हणाली, "शब्द होताच की, मालक." आणि मला बसायला स्टूल पुढे केलं.

दादा